काकूंच्या फाटकावरची बोगनवेल

वेलीच्या काट्यांनी काकूंचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले असायचे. एक खरचटणं वाळायच्या आत दुसरं. मी एकदा बाजारातून जाड हातमोजे आणून दिले, तर म्हणाल्या, "हातमोजे घालून लेकराले आंघोळ घालतेस का तू?" मोजे खुंटीवरच राहिले.

आदिलाबादच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर समोरचंच. काका वारलेले, मुलगी नागपुरात. मुलगा प्रशांत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी नापास झाला आणि एका सकाळी घरातून निघून गेला, तो परतलाच नाही. फाटकावरची गुलाबी बोगनवेल त्यानं शाळेत असताना लावलेली. मधल्या वर्षांत गल्लीतली कौलारू घरं जाऊन तीन-तीन मजले उभे राहिले. काकूंना एकच धास्ती होती, पोरगं आलं आणि त्याला घर सापडलं नाही तर?

म्हणून ती वेल फुललेली राहिली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. पाणी मोजून घालायच्या. मी कधी कळशी घेऊन गेले तर ओरडायच्या, "नको वं! पाणी जास्त झालं का नुसते पानं येतात. तहान लागू दे तिले, मंग फुलते." बहर ओसरला की स्टुलावर चढून फांद्या छाटायच्या. मी खालून स्टूल धरायचे.

कुणी काही सांगितलं की काकू निघायच्या. बासरला गोदावरीच्या घाटावर प्रशांतसारखा एक जण दिसला, गेल्या. नेरडीगोंड्याजवळ हायवेवरच्या ढाब्यात भांडी घासतो म्हणे, गेल्या. तिथे त्याच्याच वयाचं, त्याच्यासारख्याच उभट चेहऱ्याचं दुसरंच कुणी निघालं. काकू त्याच्या हातचा चहा पिऊन परत आल्या आणि त्याच पावली वेलीखालची माती उकरत बसल्या.

मग नालीसाठी रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणी करणाऱ्या साहेबानं काकूंच्या भिंतीवर लाल फुली मारली. "अम्मा, ये दीवार जाती. झाड भी निकालना पडता," तो म्हणाला. काकू त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "साहेब, दीवार लेव, आधा घर लेव. वो झाड रहने देव. मेरा बेटा उसकोच देखके आता." साहेब भला माणूस होता. त्यानं मान खाली घातली आणि पंधरा दिवसांची मुदत दिली.

त्या पंधरा दिवसांत काकूंनी तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून फांद्यांची कलमं खोचली. त्यांतलं एकही जगलं नाही. शेवटी दोन मजूर लावून मुख्य वेल खणून काढली. मुळं भिंतीच्या पायात शिरलेली. पहार लागली तशी सगळी माती झडली आणि उघडी मुळं तुटून हातात आली. गोणपाटात गुंडाळून वेल मागच्या अंगणात लावली. आठवड्यात पानं गळाली.

रोज सकाळी काकू नखानं खोडाची साल खरवडायच्या. आत हिरवी रेघ दिसली की मला हाक मारायच्या, "ये, पाह्य! जित्ती हाय!" दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली खरवडायच्या, तिसऱ्या दिवशी आणखी खाली. एके दिवशी त्यांचं नख मातीला टेकलं. साल आतून तपकिरी होती. मी म्हटलं, "काकू, आता राहू द्या." त्यांनी हातानं माती बाजूला केली आणि मुळावर नख टेकवलं.

पावसाळ्यानंतर मुलगी त्यांना न्यायला आली. काकूंची जेवणावरची वासनाच उडाली होती. जीपमध्ये बसल्या आणि पुन्हा उतरल्या. घरातून ऑइलपेंटचा डबा आणून माझ्या दारावर मुलीचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला. मग माझं मनगट घट्ट धरलं.

"तो आला का त्याले बसवजो. पाणी देजो. काऊन गेल्ता ते इचारू नको. मीच म्हटलं होतं त्याले, मले तोंड नको दाखवू म्हून."

इतकी वर्षं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोटच्या मुलीलाही नाही.

काकू नागपुरात तीन वर्षं काढून वारल्या. माझं दार त्यानंतर दोनदा रंगवलं. रंगाऱ्याला सांगून त्या आकड्यांभोवतीनं ब्रश फिरवायला लावला. तो नंबर लावायची वेळ अजून एकदाही आलेली नाही.