नऊ नंबरच्या खोलीतलं औषध

औषध कंपनीच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत, म्हणून कामगार त्याला चावीवाले काका म्हणत. बावीस वर्षांत तिथली एक गोळीही इकडची तिकडे झाली नव्हती. अशा माणसाला त्याच्या थोरल्या बहिणीनं चोरी करायची गळ घातली.

तिला कॅन्सर होता. केमोची तीन सलाइन झाल्यावर चौथ्याला तिनं साफ नकार दिला. खरं औषध कंपन्यांनी दडवून ठेवलंय, हे मोबाइलवरच्या व्हिडिओंनी तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

"नऊ नंबरची खोली कायम बंद असते, तूच म्हणाला होतास," ती कडाडली. "बहीण मेली तरी चालेल, पण कुलूप उघडणार नाहीस?"

आत मोडकी मशिनं होती, पण ते तिला पटलं नसतं. शेवटी कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडून निघाली.

"ताई, नवी औषधं शोधणारे आमचे मोठे साहेब आहेत ना, त्यांनाही हेच झालंय. दर बुधवारी दवाखान्यात तुला देतात तेच सलाइन लावून घेतात आणि मग कामावर येतात. बेसिनवर ओकतात तेव्हा मीच त्यांना धरतो. नऊ नंबरची दुसरी किल्ली त्यांच्याच खिशात असते."

तिचा हात डोक्यावरच्या रुमालाकडे गेला.

"त्यांचेही केस गेले?"

"भुवयासुद्धा."

गुरुवारी ती त्याच्यासोबत दवाखान्यात गेली. "तुझ्यावर विश्वास बसलाय असं समजू नकोस," तिनं बजावलं. पण सुई टोचली तेव्हा तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं, आणि सलाइन संपेपर्यंत सोडलं नाही.