वरचा सूर आणि पुढचा दात

बँडमास्तरांचा वरचा पुढचा दात ठणकायला लागला तो नेमका त्याच महिन्यात! अठ्ठावीस वर्षं ट्रंपेट वाजवणारा माणूस. रविवारी बागेतल्या कार्यक्रमात लेकीबरोबर पहिल्यांदाच जोडीनं ट्रंपेट वाजवायचं होतं. ट्रंपेटचा माउथपीस ओठावर दाबला जातो आणि ओठामागे आधाराला असतात ते पुढचेच दात. दात गेला की वरचे सूर गेले. मास्तरांनी पंधरा दिवस कुणाला पत्ता लागू दिला नाही. माउथपीस हळूच डावीकडे सरकवून वाजवत राहिले. लेकीच्या लक्षात आलंच. मंगळवारी तिनं त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. ट्रंपेटची पेटी मात्र मास्तरांनी काखेतून सोडली नाही.

"रूट कॅनाल केलं तर दात वाचेल," डॉक्टरीणबाई एक्स-रे बघत म्हणाल्या. "आतली सडलेली नस काढायची, पोकळी साफ करून भरायची. दात जागच्या जागी. पण सावली पुढच्या दोन्ही दातांच्या मुळांशी दिसतेय. दुखतोय कुठला, ते तुम्हीच सांगा."

सांगतायत कसले, कपाळ! बाईंनी तपासायला थंडगार बोळा जवळ आणला की तो लागायच्या आतच मास्तर "आई गं!" उजव्याला आई गं, डाव्याला आई गं, शेवटी तर नुसत्या आरशालाही आई गं.

बाईंनी हात टेकले. "चुकीचा उघडला तर चांगला दात हकनाक मारीन मी."

"बाबा, वाजवा," लेक एकदम म्हणाली.

"इथं?"

"इथंच. आणि माउथपीस मधोमध धरा, डावीकडे पळवायचा नाही."

मास्तर खुर्चीत ताठ बसले. ट्रंपेट हातात आल्याबरोबर भीती कुठल्या कुठे पळाली. खालचे सूर निघाले, मधले निघाले. बाहेर ताटकळलेले पेशंट दारातून डोकवायला लागले. वरचा सूर लागला मात्र, आणि मास्तरांचं बोट आपसूक उजव्या दातावर गेलं. "हाच! हाच तो!"

बाईंनी भूल देऊन तोच दात उघडला. आत नस मेलेली, म्हणजे दात बरोबर सापडला! मास्तरांना इतका आनंद झाला की तोंडाचा आ वासलेला असतानाच ते काहीतरी बोलले, ते कुणालाच कळलं नाही. काम आटोपल्यावर त्यांना कुठला धीर? लगेच वाजवून बघितलं, तर नुसतं फुस्स. मास्तरांनी माउथपीस काढून आत डोकावून बघितलं. बाई मात्र पोट धरून हसल्या. "अहो, भूल उतरू द्या की! आणि शनिवारपर्यंत ट्रंपेटला हात लावायचा नाही."

रविवारी वरचा सूर जवळ आला आणि सवयीनं माउथपीस डावीकडे सरकला. लेकीनं वाजवता वाजवता कोपरानं ढोसलं. मास्तरांनी डोळे मिटले, तो मधोमध आणला आणि जीव खाऊन फुंकलं. तिसऱ्या रांगेत डॉक्टरीणबाईंनी घाबरून स्वतःचाच गाल धरला होता. सूर निघाला, खणखणीत, लांबलचक. लेकीचा दम संपला, तिनं ट्रंपेट खाली घेतला, आणि बाबा अजून वाजवतच होते.