बंद पडलेल्या शर्यतीची शेवटची फेरी

काल कोल्हापुरात सिग्नलला आमच्या बापूकाकांच्या फियाटशेजारी अण्णांची फियाट येऊन थांबली, आणि मागच्या सीटवर मी सावरून बसलो. पूर्वी इथे घरच्या मोटारींची शर्यत व्हायची. शेवटच्या वर्षी काका सगळ्यांच्या पुढे होते, पण कुत्रं आडवं आलं, काकांनी ब्रेक मारला आणि अण्णा जिंकले. मग शर्यतच बंद पडली. बंद पडलेली शर्यत हरलेल्याच्या घरात मात्र रोज धावत असते.

“आज ब्रेकला पाय लावलात तर बघा!” त्या ब्रेकवरून काकांना आजवर टोमणे मारत आलेल्या काकूंनी पुढच्या सीटवरून दम दिला.

हिरवा दिवा लागला. आम्ही पुढे! तेवढ्यात आमच्यासमोर एक कुत्रं आलं.

“अहो, थांबा!” काकूच किंचाळल्या.

काकांनी ब्रेक मारला, अण्णा हॉर्न वाजवत निघून गेले, आणि इतक्या वर्षांनी काका जिंकले.