राखेच्या पाइपाचा चौथा बेंड

राखेच्या पाइपाची अन् किश्श्यांची रीत एकच. रोज थोडं थोडं साचत राहते, कोणाचं लक्ष नसते, अन् एक दिवस सारं अंगावर येते!

ऐंशीच्या दशकात मरोद्याकडच्या एका छोट्या कारखान्यात मी मेंटेनन्सचा क्लार्क होतो. रोज संध्याकाळी पाचचा भोंगा झाला की ब्लोअर सुरू व्हायचा, अन् बॉयलरची राख जमिनीखालच्या भुयारातल्या पाइपातून हवेच्या जोरानं सायलोत, म्हणजे राखेच्या उंच टाकीत, जायची. जायला पाहिजे होती, असं म्हणू. चौथ्या बेंडले, म्हणजे पाइपाच्या वळणाले, भोक पडलं की भंडाऱ्याकडचे आमचे फिटर रामटेकेदादा भुयारात रांगत जाऊन वेल्डिंगनं पत्र्याचा पॅच मारत. राखेनं छाती गेली होती त्यांची. एकच मागणं, "बाबू, माह्या रिटायरमेंटच्या आधी नवा बेंड आणवा. माह्यामागं पोट्टे मरतीन तिथं."

मी इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, टाइप करायचो. पाइप चालू असला की साहेब म्हणायचे, "चल रहा है ना? तो नया क्यों?" बंद पडला की म्हणायचे, "अभी टाइम कहाँ है? पॅच मारो!" धन्य ते डोकं!

*

एकदा वरूनच खोदून बेंड गाठायचा म्हणून साहेबांनी जुनं ड्रॉइंग बाहेर काढलं. त्यात बेंड कॅन्टीनच्या खाली. झालं, कॅन्टीनची फरशी फोडली! दोन दिवस आम्ही बिनचहाचे. शेवटी दादांनी जमिनीवर काठी टेकवून तिले कान लावला. "इथं हाय."

बेंड सापडला, त्यावर झाकणही बसलं, पण ड्रॉइंगमध्ये त्या जागी बेंड नव्हता. म्हणून स्टोअरनं इंडेंटवर शेरा मारला, असा बेंड अस्तित्वात नाही.

*

मग विश्वकर्मा पूजा आली. साहेबांनी हौसेनं मूर्तीसाठी पक्का चबुतरा बांधला, नेमका बेंडाच्या झाकणावर! दादा आधीच सांगून राहिले होते, ऐकते कोण? देवाले हलवायची हिंमत कोणाची? तेव्हापासून दादा पुन्हा लांबच्या झाकणातून उतरून रांगत यायचे.

"वर देव, खाली मी," दादा म्हणाले. "मधात साहेब नसते तं भेट झाली असती."

*

इन्स्पेक्शनवाले आले. विचारलं, "पाइपाची जाडी किती उरली?"

दादा म्हणाले, "पाइप तं कवाच संपला साहेब! आता पॅचच पॅचले धरून हाये."

त्यांनी मान डोलावली अन् रिपोर्टात लिहिलं, स्थिती समाधानकारक.

*

दादांचा शेवटचा दिवस. सकाळी ते भुयारात उतरले. वेल्डिंग मशीन वरच, हातात नुसता हातोडा. वर आले, हात धुतले, पांढरा कुर्ता घातला अन् निरोपाच्या खुर्च्या स्वतः मांडल्या. साहेबांची खुर्ची लांबच्या झाकणाला लागून, स्वतःची पार दूर.

भाषणात साहेब फुलले. "रामटेकेजी, कुछ माँगिए!"

"नवा बेंड द्या साहेब."

सारे हसले. साहेब सगळ्यात जास्त. "अरे, चल रहा है ना?"

पाचचा भोंगा झाला. ब्लोअर सुरू झाला. अन् झाकण उडालं! थंड राखेचा असा लोट, की साहेबांचे नुसते डोळे दिसत होते.

"रामटेके! पॅच मारो!"

दादांनी घड्याळ पाहिलं. "पाच वाजून गेले साहेब. मी रिटायर झालो."

त्याच संध्याकाळी साहेबांनी इंडेंटवर सही केली, राखेच्या बोटांनी. आठ दिवसांत बेंड आला!

राख उडाली तेव्हाच मी गर्दीतून दादांजवळ गेलो होतो. हळूच विचारलं, "दादा, सकाळी हातोडा कावून नेला होता?"

दादांनी डबा पुढं केला. "पेढा खा बाबू. याले राख नाही लागली."