पणजीची जमीन आणि आत्याची सही

माझ्या पणजीचा नवरा इंग्रजांच्या फौजेत होता. बसऱ्याकडं गेला तो परत आलाच नाही. त्याच्या बदल्यात सरकारनं सांगलीजवळ, कृष्णेच्या काठी जमीन दिली, ती पणजीच्या नावावर. तेव्हा तिला विसावंही लागलं नव्हतं आणि कडेवर एक मुलगा होता. दिरांनी जमीन बळकावायचा खूप खटाटोप केला. एकदा उभ्या ज्वारीत बैलं सोडली. ती विळा घेऊन बांधावर बसून राहिली. हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. मला आठवते ती पणजी मात्र पार थकलेली, डोळे गेलेली. संध्याकाळी माझा हात धरून बांधापर्यंत जायची आणि माती चिमटीत चुरून बघायची.

तिला शेवटपर्यंत सांभाळलं माझ्या आत्यानं. आत्याच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हा पणजीच जाऊन तिला घेऊन आली होती. मग आत्या तिथंच राहिली. शेतातल्या दोन खोल्यांत, म्हशी पाळून. माझे वडील आणि काका, म्हणजे आत्याचे दोघे भाऊ, साताऱ्याला स्थायिक झाले. वडील नोकरीमुळं, काका फौजेतून निवृत्त झाल्यावर. आजोबा पणजीच्या आधीच गेले होते. त्यामुळं पणजी गेली तेव्हा जमिनीला वारस उरले ते हे तिघं. तरी उताऱ्यावर पणजीचंच नाव कितीतरी वर्षं तसंच राहिलं. भांडण नव्हतं, म्हणून कुणाला घाईही नव्हती.

मग काकांच्या मुलाला शेताच्या रस्त्याकडच्या बाजूला दुकानाचे गाळे काढायचे होते, आणि वाटणीचा विषय निघाला.

काका आत्याला म्हणाले, "तू फक्त हक्कसोड करून दे. सगळ्या बहिणी देतात. तुला त्या खोल्यांतनं कोण हलवतंय?"

आत्या काही बोलली नाही. सगळ्यांनी तो होकार धरला.

सांगलीच्या रजिस्टर कचेरीत आम्ही गेलो, तेव्हा गाडी मी चालवत होते. काकूंनी आत्यासाठी मोरपंखी साडी आणली होती. बाकावर आत्या आणि काका शेजारी शेजारी बसले होते, आणि काका तिला पाण्याची बाटली उघडून देत होते. मला ते बघून बरं वाटलं होतं. नंबर आला. आतल्या साहेबांनी सगळ्यांना विचारतात तसंच, मान वर न करता विचारलं, "मावशी, स्वखुशीनं सोडताय ना हक्क? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

आत्या म्हणाली, "न्हाई."

"जबरदस्ती नाही ना?"

"खुशी न्हाई. मी सोडत न्हाई."

साहेबांनी मान वर केली. काका हसले, त्यांना वाटलं तिला प्रश्न कळला नाही. "अगं, नीट ऐक, काय इचारत्यात."

"ऐकलं, दादा. म्हातारीनं मला आणलं तवा माझं नाव कुठंच न्हवतं. ना तिकडं, ना हिकडं. एवढ्या जमिनीत कुठंतरी लागू दे की."

काका उठून बाहेर गेले. वडील माझ्याकडं बघत राहिले, जणू मीच काही करेन. आत्या जागची हलली नाही.

कायद्यानं तिचा हिस्सा होता, तो नाकारता येत नव्हता. पण कुणाला कुठली बाजू, ते काकांनी ठरवलं. रस्त्याकडची त्यांनी घेतली, मधली वडिलांना दिली. आत्याला नदीकडची खारपड पट्टी, जिथं उन्हाळ्यात पांढरा क्षार वर येतो आणि ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. तिच्या दोन खोल्या काकांच्या हिश्शात आल्या. वडील तेव्हाही गप्प बसले. आत्यानं मुकाट्यानं म्हशी विकल्या आणि पट्टीवर पत्र्याची खोली बांधली. पुढच्या महापुरात तिचे पत्रे वाहून गेले. तिनं पुन्हा घातले.

त्या वर्षीपासून काका भाऊबीजेला आले नाहीत. त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिकाही तिला गेली नाही. दिवाळीला ती ताट तयार करून दोघा भावांसाठी दोन पाट मांडायची. वडील जायचे, ओवाळून घ्यायचे, आणि दुसऱ्या पाटाकडं न बघता निघून यायचे.

गेल्या हिवाळ्यात काका अंथरुणाला खिळले. हे कळल्यावर आत्या एकटी एसटीनं साताऱ्याला आली. मी तिला घेऊन काकांकडं गेले. काकू दारात क्षणभर घुटमळल्या, मग बाजूला झाल्या. काका जागे होते. आत्या पलंगाशी बसली आणि म्हणाली, "दादा, मी आलीया."

काकांनी तिच्याकडं पाहिलं. ओळखलं, ते स्पष्ट दिसलं. मग त्यांनी मोठ्या कष्टानं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्यांनी तिचा हात झटकला नाही, पण वळलेही नाहीत. त्याच आठवड्यात ते गेले.

दहावं झाल्यावर मी आत्याला सोडायला निघाले. कराड मागं पडेपर्यंत ती बाहेरच बघत होती. मग म्हणाली, "लहानपणी ताप आला की त्यो मला खांद्यावर घिऊन डाक्टरकडं पळायचा. ते समदं आठवतंय, पर रडू येत न्हाई बग. हे लय वाईट झालं."



काकांच्या मुलानं आता त्याच्या हिश्शाला तारेचं कुंपण घातलंय. रस्त्यावरून थेट जाणारी वाट बंद झाली, म्हणून आत्या ओढ्याच्या कडेनं वळसा घालून ये-जा करते. पट्टीत तिनं यंदाही ऊस लावलाय. तो पिवळाच आहे.