पाण्याखालच्या देवीची ओटी

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे हं — केडगावच्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं ते माझ्याकडूनच कळतं. पण ही एक गोष्ट जिभेवर आली की मी घोटभर पाणी पिते आणि गिळून टाकते. आज गिळवत नाही. तुम्ही बसा जरा. मध्ये बोलू नका, नाहीतर मी विषय बदलीन.

सोपान माझा धाकटा भाऊ. मी मुक्ता, तो सोपान — नेवाशाकडच्या माणसांना लेकरांसाठी दुसरी नावं सुचत नाहीत. आमचं माहेर धरणाच्या फुगवट्यावर. जुनं गाव पाण्याखाली गेलं, माणसं वरच्या नव्या गावठाणात आली, देवीची मूर्तीही वर आणली. पण देवळाचे दगड खालीच राहिले, आणि आमच्याकडच्या बायकांचं मन काही वर आलं नाही. अजूनही देवीची ओटी भरायची ती त्या जुन्या जागी, पाण्यातच. आई काठावरून भरायची. सोपानने बोट घेतली आणि आम्ही ऐटीत पार मधोमध जाऊन भरायला लागलो.

काय बोट होती ती! पांढरीशुभ्र, फायबरची, कडेला निळा पट्टा. थंडीत रोहित पक्षी उतरतात आमच्याकडे, ते बघायला नगर-पुण्याची माणसं यायची, सोपान त्यांना फिरवून आणायचा. मी माहेरी गेले की पहाटेची पहिली फेरी माझी. पाणी असं निवांत असायचं, की इंजिन सुरू करायची लाज वाटावी. मधोमध गेलं की तो इंजिन बंद करायचा आणि म्हणायचा, आक्का, आता तोंड मिट. आणि मी मिटायची! अख्ख्या जगात तेवढ्या एका जागी. लांबवर गुलाबी पक्ष्यांची रांग, बोटीला चुबूकचुबूक लागणारं पाणी, आणि समोर माझा भाऊ, काहीही न बोलता हसणारा. अजून पहाटे जाग आली की आधी ते पाणी आठवतं. मग बाकीचं आठवतं.

बोटीचा त्याने विमा उतरवला तेव्हा गाव हसलं. पाण्यातल्या वस्तूला कसला विमा, देवी आहे की राखायला, म्हणून. विम्याच्या माणसाने त्याला बजावलं होतं — जॅकेटाशिवाय कुणाला बसवायचं नाही, चालत्या बोटीत कुणी उभं राहायचं नाही, वारा सुटला की काठ गाठायचा. सोपानला ते आरतीसारखं पाठ. एकदा एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याने जॅकेट घालायला नाही म्हटलं, तर याने त्याला उतरवलं आणि रिकामी बोट घेऊन निघाला. माझा पट्टा तर तो स्वतःच्या हाताने आवळायचा. वर म्हणायचा, जाडी झालीस गं, आता दोन जॅकेटं जोडावी लागतील.

मी लांबण लावतेय. कळतंय मला.

माझ्या मोठ्या नणंदेला, शोभाताईंना, नातू झाला. मीच सासरी फुशारकी मारली होती, आमच्या पाण्यातल्या देवीला ओटी बोला, बोललेला नवस फळतो. सगळे आलो. सासूबाई आणि आमचे हे काठावर लांब बाभळीखाली डबे सोडत बसले, तिथून बोट दिसत नव्हती. बोटीत आम्ही तिघंच — सोपान, मी आणि ताई. त्याने दोघींना जॅकेटं घातली, पट्टे आवळले, उठू नका म्हणून सांगितलं. नेहमीसारखंच.

देवळाच्या जागेवर आलो. ताईंनी नवी पैठणी नेसलेली. जॅकेटाखाली पदर अडकला, डोक्यावर येईना. आता पदर न घेता ओटी कशी भरायची? आणि बसून कुणी देवीची ओटी भरतं का? सोपान म्हणाला, बसल्या जागेवरनंच सोडा, देवी रागवत न्हाई. आणि मी काय म्हणाले माहिती आहे? तू बायकांच्या कामात बोलू नको म्हणाले. मी माझा पट्टा काढला. ताईंचा काढला — त्या नको नको म्हणत होत्या, मी काढला. दोघी उभ्या राहिलो, एकाच अंगाला. वारा तेव्हाच सुटला असं मी पुढे कैकदा मनाला सांगितलं. वारा कधीचाच सुटला होता. सोपान दोनदा म्हणाला होता, माघारी जाऊ.

ताई पाण्यात गेल्या. सोपानने मागोमाग उडी टाकली. मी बोटीत एकटी, इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. वाऱ्याने बोट काठाकडे, उंचवट्यावरच्या जुन्या गढीच्या दगडांवर नेली आणि तिचा तळ फाटला. मी गुडघाभर पाण्यात उतरले, मला ओरखडाही नाही. ताईंना त्याने केसाला धरून ओढत आणलं. कितीतरी दिवस त्या नगरला दवाखान्यात होत्या. पडल्यापुढचं-मागचं त्यांना काहीच आठवेना.

मग विम्याचा माणूस केडगावला घरी आला. भला माणूस. हॉलमध्ये सासूबाई, हे, सगळे बसलेले. सोपान दाराशी, चपला काढल्या तिथेच. त्या माणसाने मला विचारलं, जॅकेटं घालायला दिली होती का? बसून राहा म्हणून सांगितलं होतं का?

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांची लेक मरता मरता वाचलेली. खरं बोलले असते तर त्या घरात मला पाणी तरी कुणी विचारलं असतं का? — बघा, लागले ना कारणं द्यायला. नकोत कारणं. मी म्हणाले, जॅकेटं पायाशी पडली होती, घाला म्हणून कुणी सांगितलं नाही.

त्या माणसाने सोपानला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही हो. रागाने बघितलं असतं तर मी निभावून नेलं असतं. लहानपणी माझा मार तो खायचा, तेव्हा बघायचा तसं बघत होता.

"आक्का म्हनती तसंच हाय," तो म्हणाला.

विमा नामंजूर झाला. बोट चालवायची परवानगी गेली. निष्काळजी म्हणून नाव झालं — सोपानचं! आता तो कोकणात दुसऱ्याच्या बोटीवर असतो. दिवाळीला येत नाही, सीझन असतो म्हणतो. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. मी भाऊ असून चंद्राला ओवाळते. शेजारणी विचारतात, तर सांगते, त्याला सुट्टी नाही मिळाली.

गेल्या भाऊबीजेला त्याचा फोन आला. मागे लाटांचा आवाज. म्हटलं आज बोलायचंच. बोलले काय — तर जेवलास का, तिकडे पाणी कसं आहे. त्याने सगळं सांगितलं. मग म्हणाला,

"आता कुनी पान्यात जॅकेट काढलं ना आक्का, की मी बोट माघारी वळवितो. मंग ती कुनी का आसंना."

मी बरं म्हणाले. फोन ठेवला. निरांजन तसंच जळत होतं.

त्या भल्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. जॅकेटं दिली होती. उठू नका म्हणून सांगितलं होतं. माझा पट्टा माझ्या भावाने स्वतःच्या हाताने आवळला होता. तो मी काढला.