ऑर्डर पाळणारा

जीप बंगल्यापुढे थांबली. डीजे आधीच बंद झाला होता. ड्रायव्हर माझ्याकडे न बघता म्हणाला, "फौजी, इथं उतरावं लागतंय."

सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी गावी आलो, तो हा दिवस. गाव गंगापूर तालुक्यातलं. निवृत्त जवानाची मिरवणूक काढायची पद्धत आता सगळीकडे आहे. उघडी जीप, हार, गुलाल, देशभक्तीची गाणी. माझ्या आधी गावात दोघांची निघाली होती. दोघेही बागायतदारांच्या घरचे. त्यांच्या जीपा बंगल्यापुढून वाजतगाजत गेल्या होत्या.

बंगला दादासाहेबांचा. ऊस त्यांचा, शहरात कॉलेज त्यांचं, ग्रामपंचायतही त्यांचीच. आम्ही धनगर. आमची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या रानात बसतात. त्यांना खत मिळतं, आम्हाला धान्य. माझा बाप त्या घरापुढून जाताना खांद्यावरची घोंगडी काढून हातात घ्यायचा.

मी उतरलो. अंगात वर्दी, छातीवर पदकं. मला कुणी ओढलं नाही. ओट्यावर दादासाहेब खुर्चीत बसले होते. मी पायऱ्या चढलो, वाकलो, पायांना हात लावला. टोपी पडली. त्यांच्या मुलाने ती उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली.

"शोभती का?"

लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

नंतर कळलं, जीप थांबवायला मायनंच सांगितलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "तू आज आलास बाबा. आम्हाला हितं रोज राहायचंय."

दादासाहेबांनी त्याच आठवड्यात नोकरी दिली. छत्रपती संभाजीनगरच्या त्यांच्या कॉलेजच्या गेटवर. मी घेतली. मुलाची गाडी आली की गेट उघडायचं आणि सॅल्यूट. तो काचही खाली करत नसे. तरी माझा सॅल्यूट नीट असायचा. कोपर खांद्याच्या रेषेत. कुणी तसं मागितलं नव्हतं.

मग आरक्षणाची सोडत निघाली. सरपंचपद ओबीसीला सुटलं. मला गावी बोलावणं आलं. बंगल्याच्या हॉलमध्ये चार-पाच जण होते. मला खुर्ची मिळाली. त्या घरात पहिल्यांदाच. बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

"सरपंच तू," दादासाहेब म्हणाले. "बिनविरोध करू."

मुलाने एक कागद पुढे सरकवला. सरपंचपदाचा राजीनामा, आधीच टाइप केलेला. तारखेची जागा कोरी. मी ऐकेनासा झालो की तारीख टाकायची, असा तो बेत. मी पेन उघडलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "दादा, यांच्यात वकील झालेलं पोरगं बी हाय की."

"वकील कायदा काढतंय," मुलगा म्हणाला. "फौजीच बरा. ऑर्डर पाळायची सवय हाय त्याला. मिरवणुकीत बघितलं नाय व्हय? कुणी सांगायच्या आधीच वाकला."

मी समोर बसलो होतो. मेंढा घेणारी माणसं मेंढ्यासमोरच त्याच्याबद्दल बोलतात, तसं ते बोलत होते. मी समजत होतो, नोकरी मिळाली ती सैनिकाचा मान म्हणून. ही खुर्चीही त्यासाठीच. त्यांना माझ्या फौजेतल्या नोकरीतली एकच गोष्ट उपयोगाची वाटली होती. सैन्यात मी हुकूम पाळला. पण तिथं हुकूम देणारा माझ्याच खंदकात झोपायचा.

मी पेनचं टोपण लावलं.

"सही नाय करणार."

"काय?"

"अर्ज भरणार. सही नाय करणार."

दादासाहेब चिडले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून गेटवर येऊ नको."

सही माझ्या चुलतभावाने केली. मी वेगळा अर्ज भरला, म्हणून बिनविरोध न होता निवडणूक झाली. तो निवडून आला, मी पडलो. निकालाच्या संध्याकाळी मायला विचारलं, मत कुणाला दिलं? चुलीकडे बघत ती म्हणाली, "त्यालाच. मेंढरं बसवाया रान कुणाचंय?" मला रागवता आलं नाही. मी सॅल्यूट मारत होतो, तिनं मत दिलं.

चुलतभावाने पुढे पाण्याची टाकी आमच्या वस्तीत बांधायचा ठराव मांडला. लगेच त्या कागदावर तारीख पडली. राजीनामा मंजूर झाल्याचं त्याला दुसऱ्यांकडून कळलं. तो माझ्याकडे आला. म्हणाला, "बंगल्यावर लई हसले रं." मी त्याला चहा दिला.

या वेळी, नव्या मुदतीसाठी, सरपंचपद खुलं सुटलं आहे. दादासाहेबांचा मुलगा उभा आहे. लोक मला समजावतात, "फौजी, ही जागा तुमची नाय." मागची राखीव होती, तेव्हा तरी आमची कुठे होती?

गंगापूरच्या तहसीलमध्ये मी अर्ज भरून आलो आहे. मागे घेणार नाही. याही वेळी बहुधा पडेन. माय कुणाला मत देईल, मला माहीत नाही. लाज गेलेली नाही. ती घेऊनच मी घरोघर मत मागतो आहे. काही दारं उघडत नाहीत, आमच्या वस्तीतलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच दारात जातो.

पडलो तर पुढच्या वेळी. त्याच्याही पुढच्या वेळी. सोडत कशीही निघो, जागा कुणालाही सुटो, माझा अर्ज असेल.